विहिरीवरच्या सुगरणी: पावसाळा २०२५ च्या नोंदी

२८ मे २०२५

यंदा पाऊस फारच लवकर आला. केरळात २४ मे, मुंबईत २६ मे. आमच्या अलिबाग तालुक्यात राब भाजून तयार होते, पण पेरणीच्या गणिताची सगळ्यांचीच धांदल उडाली. माझीही उडाली, कारण सुगरण नर पिवळे होऊन शेजारच्या शेतावरच्या तारेवर येऊन बसलेसुद्धा. डोक्यावर हळदीचा पिवळा, डोळ्यांपासून गळ्यापर्यंत गडद तपकिरी पट्टा. महिन्यापूर्वी हेच नर मादीसारखे मातकट होते आणि चिमण्यांच्या थव्यात सहज मिसळून जात होते.

या वर्षीचं काम ठरलं आहे. परसदाराच्या मागे भाताची खाचरं आणि त्यांच्या मधोमध काकांची जुनी दगडी विहीर. विहिरीला लागून शिंदीची दोन झाडं आहेत. मोठी शिंदी विहिरीच्या पश्चिम काठावर, धाकटी पूर्व काठावर. गेल्या वर्षीची वाळलेली घरटी अजून दोन्हींवर लोंबताहेत. लांब कुठे जायचं नाही, दुसरा पक्षी शोधायचा नाही. याच दोन झाडांवरची प्रत्येक घरटं-जागा क्रमांक देऊन पावसाळाभर पाहायची आणि दर वेळी त्याच जागेवरून फोटो काढायचा.

कारण सांगून ठेवतो. सुगरणीच्या घरट्याचे सुंदर फोटो खूप पाहिले. त्या एकेका फोटोतून हे कळत नाही की त्या घरट्याचं पुढे काय झालं. मादीने ते घेतलं का? पिल्लं उडाली का? अर्ध्यात सोडलेल्या घरट्याचे फोटो तर कुणी काढतच नाही. मला तेच हवे आहेत.

आज नकाशा काढला. झावळीगणिक आकडा: मोठीच्या मो-१, मो-२, धाकटीच्या धा-१, धा-२. जुन्या घरट्यांच्या जागाही त्यात फुलीने दाखवल्या. फुल्या पाहिल्यावर एक गोष्ट ठळक दिसली. दोन्ही झाडांच्या पश्चिमेच्या बाजूला जुनं घरटं जवळपास नाहीच.

६ जून

सुरुवात झाली. मोठीवर चार नरांनी झावळीच्या टोकांना गाठी मारल्या आहेत. गाठ म्हणजे खरोखर गाठ. नर पात्याला उलटा लटकतो, एका पायाखाली पानाची फाडलेली पट्टी दाबून धरतो आणि चोचीने तिचं टोक पात्याभोवती फिरवून आतून ओढून घेतो. असे वेढे देत देत पहिली कडी तयार होते. पुढचं सगळं ओझं या कडीवर पेलायचं असतं.

उभं राहण्याची जागा: विहिरीच्या आग्नेयेला, काकांच्या बांधावर. इथून दोन्ही झाडांची पूर्वेची बाजू दिसते आणि सकाळी उजेड माझ्या पाठीमागून येतो. पहिला दिवस पक्ष्यांनी मला तपासण्यात घालवला. मी सरकलो की किलबिल थांबायची. तासाभराने त्यांनी माझा नाद सोडला. त्या वेळेआधी काढलेले फोटो ठेवणार नाही. सावध झालेला पक्षी वेगळा वागतो, आणि मला त्याचं रोजचं वागणं टिपायचं आहे.

कॅमेऱ्याचं: पावसाळी आभाळ पांढरं असतं आणि कॅमेरा त्या पांढऱ्याला भुलून पक्षी काळा करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक ते सव्वा स्टॉप वर ठेवलं. शटर १/२००० सेकंद, आयएसओ १६०० च्या आसपास. ट्रायपॉड चिखलात रुततो, म्हणून भाताचं तूस भरलेली पिशवी बांधावरच्या दगडावर ठेवून त्यावर लेन्स टेकवतो. तूस भिजलं की जड होतं, पण लेन्स जरा हलत नाही.

१४ जून

आजचा सगळा वेळ पट्टी कशी निघते ते पाहण्यात गेला. विहिरीमागे माडाची दोन कमी उंचीची रोपं आहेत, तिथे नर एकामागोमाग एक उतरत होते. पात्याच्या कडेला चोचीने बारीक खाच पाडायची, खाचेपाशी कड चोचीत पक्की धरायची आणि सरळ उडायचं. उडण्याच्या जोरानेच पट्टी टर्रकन फाटत जाते. पक्षी हवेत गेल्यावरही पट्टीचं शेवटचं टोक पानाला चिकटलेलं असतं, त्या क्षणी ती ताठ ताणलेली दिसते. फोटोत तो ताण आला. या मोसमात दुसरं काही मिळालं नाही तरी या एका फोटोसाठी मी आभारी राहीन.

पट्ट्या साधारण २० ते ६० सेंमी लांबीच्या असतात, आणि एका पूर्ण घरट्यासाठी नर ५०० पर्यंत फेऱ्या करतो असं नोंदलेलं आहे. आता त्या फेऱ्या डोळ्यांपुढेच चालल्या आहेत. चोरीही चालते. मो-३ चा मालक माडाकडे गेला की मो-४ वाला येतो, सैल पट्टी उपसतो आणि आपल्या घरट्यात विणतो. फोटोत दोन्ही घरटी आणि पट्टीसकट चोर एकाच चौकटीत आले आहेत.

१९ जून

काल संध्याकाळी सोलापूरहून मारुती चितमपल्ली गेल्याची बातमी आली. वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, पद्मश्री जाहीर झाली त्याच वर्षी. वनखात्याची नोकरी करता करता त्यांनी जंगलात राहणाऱ्या माणसांचं ज्ञान ऐकलं, उतरवून घेतलं आणि पक्ष्यांची रानातली नावं मराठीत आणून ठेवली. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी त्यांच्यामुळे पहिल्यांदा वही उघडली. मीही त्यांतला एक.

पाऊस असूनही बांधावर गेलो. आज फोटो काढावेसे वाटले नाहीत, नुसत्या नोंदी केल्या. मो-३, मो-४, मो-६ हेल्मेटच्या अवस्थेकडे, म्हणजे खालून उघड्या घुमटाकडे, चालले आहेत. धाकटीवर तीन नव्या कड्या.

२५ जून

हेल्मेट अवस्था म्हणजे घरट्याचा वरचा घुमट तयार, खालून उघडा, आणि मधोमध आडवा विणलेला दांडा. नर या दांड्यावर बसून काम करतो. इथपर्यंत यायला साधारण आठवडा लागतो. यानंतर तो हात आखडता घेतो, कारण पुढे जायचं की नाही हे आता मादी ठरवणार असते.

माद्या आज सकाळी आल्या, पाच-सहांचा घोळका. त्या झाडावर टेकताच सगळ्या नरांनी एकाच वेळी घरट्याखाली लटकून पंख फडफडवायला सुरुवात केली. चिट-चिट करता करता शेवटी एक लांब, घासल्यासारखी शीळ. वीस एक पिवळे नर उलटे लटकून थरथरताहेत आणि राखाडी-मातकट माद्या शांतपणे एकेक घरटं तपासताहेत, असं दृश्य. मादी दांड्यावर बसते, मान वर करून घुमट पाहते, एखादी पट्टी चोचीने ओढून बघते. पसंत नसेल तर निघून जाते. मो-४ मध्ये एकापाठोपाठ तीन माद्या येऊन गेल्या. तिघींनीही नाकारलं.

मो-४ बद्दल मुद्दाम लिहितो. चोरीच्या पट्ट्या असल्या तरी विणकाम अतिशय देखणं आहे. घट्ट, एकसारखं, कुठेही भोक नाही. झूम करून पाहिलं तरी दोष सापडत नाही. त्याच्या शेजारचं मो-३ मात्र ढिसाळ. पट्ट्यांची टोकं बाहेर आलेली, घुमट एका बाजूला कललेला. आणि दुपारी मादी मो-३ मध्ये शिरली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

४ जुलै

घरट्यात चिखल येऊ लागला. नर विहिरीच्या पन्हळीपाशी उतरून ओल्या मातीचा गोळा चोचीत घेतात आणि हेल्मेटच्या आतल्या भिंतीला थापतात. चोचीत चिखल घेतलेल्या नराचे तीन चांगले फोटो मिळाले. ढग दाट होते, म्हणून शटर १/१००० वर आणावं लागलं.

काकू म्हणाल्या, "त्या चिखलात काजवे खोचतात, रात्री उजेडाला." ही गोष्ट लहानपणापासून मीही ऐकलेली आणि ती मला आवडतेही. पण आमच्याकडे काजव्यांचा भर मृगाच्या मागेपुढे असतो. यंदा पाऊस लवकर आल्याने तो आधीच ओसरला, आणि चिखलाचं काम आता जोरात आहे. काकूंना कॅमेऱ्याच्या पडद्यावर मो-६ मधला गोळा मोठा करून दाखवला. नुसती माती. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "मग एवढी माती कशाला रे वाहतात?" ओझ्यामुळे वाऱ्यात घरटं कमी हेलकावतं, असा एक तर्क आहे. आमच्या मो-६ पुरतं मी एवढंच सांगू शकतो की चिखल फक्त घुमटाच्या आत, अंडी राहतील त्या बाजूला आहे.

१२ जुलै

मो-३ पूर्ण झालं. मादीने पसंत केल्यावर नराने दांड्याच्या एका बाजूला अंड्यांची खोली बंद केली आणि दुसऱ्या बाजूला खाली उतरणारी नळी विणायला घेतली. नळी आता चांगली हातभर झाली आहे. मादी आतून काम करते. ती बाहेर दिसत नाही, पण घरटं हलतं.

आणि नर? नळीचं शेवटचं टोक पुरतं होण्याआधीच त्याने मो-९ वर नवी कडी घातली. सुगरणीचा हा संसार उलगडला गेला तो इथून हाकेच्या अंतरावर. १९३० मध्ये सलीम अली जर्मनीहून शिकून परतले, संग्रहालयातली नोकरी राहिली नव्हती, आणि पत्नी तेहमिना यांच्यासोबत ते किहीमला येऊन राहिले. तिथल्या सुगरणींच्या वसाहतीकडे पाहत बसले असताना त्यांच्या लक्षात आलं की एक नर एकापाठोपाठ एक घरटी उभारतो आणि प्रत्येक घरट्यात वेगळी मादी नांदते. मादीने स्वीकारलं की घरटं पुरं करायचं आणि लगेच दुसरं सुरू करायचं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या त्या कामाने त्यांचं नाव झालं. कामाचं साहित्य काय, तर घराजवळचं झाड आणि चिकाटी. आमच्या पंचक्रोशीतल्या मुलांना हे शाळेत कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. किहीमला समुद्रकिनाऱ्यासाठी गाड्या भरभरून येतात. या मातीत भारतातल्या पक्षीअभ्यासाचं एक मोठं पान लिहिलं गेलं, हे इथल्या मुलांना आधी कळायला हवं.

लावणी सुरू झाली आहे. आता नर माड सोडून भाताच्या पात्यांकडे वळलेत. पट्टी मऊ, चटकन फाटणारी. काकांची तक्रार ठरलेली: "रोपं ओरबाडतात." दोघे मिळून बांधालगतची ओळ तपासली. पात्याची एक कड गेलेली, पण मधली शीर आणि गाभा शाबूत. काका म्हणाले, "बघू, निसवताना कळेल." त्या ओळीला काठी रोवून खूण केली.

२० जुलै

आजची नोंद चिडून लिहितोय.

सकाळी बांधावर पोचलो तर मोठीच्या समोरच्या दोन झावळ्या कापून खाली पडलेल्या. बाहेरून आलेल्या दोघांनी 'फ्रेम मोकळी' करण्यासाठी कोयत्याने कापल्या, असं काकांच्या गड्याने सांगितलं. घरट्यांच्या झावळ्या त्यांनी सोडल्या, आडोशाच्या कापल्या. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नसेल, पण परिणाम दुपारपर्यंत दिसला. मो-६ पूर्वी पानांआड होतं, ते आता उघडं पडलं. दोन डोमकावळे त्याच्याभोवती घिरट्या घालत होते. एकाने झावळीवर बसून नळी चोचीने ओढली. त्याला आत शिरता आलं नाही, पण मादी दिवसभर परत आली नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचावी. वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं हेसुद्धा त्यात बसतं. म्हणजे बंदूक लागत नाही, कोयता पुरतो. आडोसा कापून काढलेला घरट्याचा फोटो कितीही स्वच्छ आला तरी तो कुठल्या प्रदर्शनात लागू नये, कुणी वाखाणू नये. मला पानांआडून अर्धवट दिसणारं मो-६ चाललं असतं. पान हे त्या घरट्याचाच भाग आहे.

काकांनी बांधाच्या तोंडाशी काट्यांची फांदी आडवी टाकली. मी शाळेतल्या मुलांकडून पाटी लिहून घेतली आहे.

२७ जुलै

आत डोकावत नाही. आरसा नाही, काठीला बांधलेला मोबाइल नाही. बाहेरून जे कळतं तेवढ्यावरच नोंदी. सुगरण दोन ते चार पांढरी अंडी घालते आणि ती मादी एकटीच १४ ते १७ दिवस उबवते. मो-३ ची मादी दहा-बारा दिवस फार थोडा वेळ बाहेर यायची. परवापासून तिची ये-जा एकदम वाढली आणि आज पहिल्यांदा चोचीत हिरवी अळी दिसली. पिल्लं निघाली.

मो-६ मादीने सोडलं. आता ते रिकामं आहे, असं लाल शाईने लिहिलं.

३ ऑगस्ट

नकाशा पुढ्यात घेऊन बसलो. आतापर्यंत सुरू झालेली घरटी ३१. मादीने स्वीकारलेली १२. हेल्मेटवरच थांबलेली १४. बाकीची कडीच्या पुढे गेली नाहीत किंवा नराने स्वतःच सोडून दिली.

स्वीकारलेली घरटी नकाशावर रंगवली तेव्हा विणकामाचा संबंध कुठे दिसेना. मो-४ सारखी घोटीव घरटी नाकारलेल्यांत आहेत. संबंध दिसतो तो जागेचा. मोठीवरची स्वीकारलेली सगळी पूर्वेच्या झावळ्यांना, म्हणजे विहिरीवर लोंबणारी. मो-४ त्याच झाडाच्या दक्षिणेच्या टोकाला आहे, जिथे नैर्ऋत्येचा वारा थेट लागतो. मादी घरट्याच्या कारागिरीपेक्षा जागा अधिक पाहते, असं अभ्यासकांनीही मांडलेलं आहे. उंची, फांदीचा प्रकार, जाडी वगैरे.

पण जागा म्हणजे काय? खाली पाणी, की वाऱ्यापासून आडोसा? मोठीवर हे दोन्ही एकाच बाजूला आहेत, त्यामुळे तिथे उत्तर मिळत नाही. धाकटीवर मिळू शकतं. ती विहिरीच्या पूर्वेला असल्याने तिच्या पश्चिमेच्या झावळ्या पाण्यावर आहेत पण वारा झेलतात, आणि पूर्वेच्या झावळ्या नुसत्या शेतावर आहेत पण आडोशाला. धाकटीवर स्वीकारलेली घरटी चार. चारही पूर्वेला, शेतावर. पाण्यावरच्या बाजूला दोन नरांनी कड्या घातल्या होत्या. एक हेल्मेटपर्यंत गेली आणि कुणी घेतली नाही.

एका विहिरीच्या दोन झाडांवरून मोठा निष्कर्ष काढत नाही. पण आज संध्याकाळभर मी याच आनंदात होतो. हा नकाशा नसता तर मी मो-४ चा देखणा फोटो भिंतीवर लावला असता आणि ते नाकारलं गेलं हे मला कधीच कळलं नसतं.

२० ऑगस्ट

परवा आणि काल रायगडला रेड अलर्ट होता. बांधावर जाणं शक्यच नव्हतं. खाचरं एकमेकांत मिसळली, रस्त्यावर पाणी. लेन्सला बुरशी धरू नये म्हणून कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला. पुड्या तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरतो.

आज सकाळी पाहणी. सात घरटी पडली. सातांपैकी सहा नाकारलेली, त्यांत मो-४ ही. सातवं पिल्लं उडून गेलेलं. पूर्वेची बाकी बहुतेक सगळी जाग्यावर. या सातांखेरीज मो-११ मात्र झावळीसकट विहिरीत कोसळलं होतं. त्यात पिल्लं होती. काकांनी टोपलीने वर काढलं, पण उपयोग झाला नाही. मादी दुपारपर्यंत त्या रिकाम्या जागेभोवती चोचीत नाकतोडा घेऊन फिरत होती. तो फोटो काढला. काढावा का, हा प्रश्न पडला होता. नोंदीत तो असायलाच हवा असं ठरवलं.

मो-४ घरी आणलं. वाळवून खिडकीत बसून नीट पाहिलं. गाठींमध्ये साधा वेढा, दुमडून आत घेतलेला वेढा आणि सरकफासासारखी गाठ असे निदान तीन प्रकार ओळखू आले. कडीपाशी पट्ट्या जुन्या, तपकिरी. घुमटाच्या खालच्या कडेला हिरवट. म्हणजे नर शेवटपर्यंत ताज्या पट्ट्या घालत राहिला होता. दांडा इतका घट्ट विणला आहे की तो माझ्या बोटांनी वाकला नाही.

पडलेलं पूर्ण घरटं एकच मिळालं, त्यातून पिल्लं आधीच उडून गेली होती. ते उभं चिरून आतला उंबरठा पाहिला. अंड्यांची खोली आणि नळी यांच्यामध्ये दाट विणलेला कठडा असतो. घरटं कितीही हेलकावलं तरी अंडी नळीतून खाली पडत नाहीत ती या कठड्यामुळे. मुलांना दाखवायला हे दोन्ही शाळेत देणार.

३१ ऑगस्ट

गौरी आज घरी आल्या, त्यामुळे बांधावर थोडाच वेळ. मो-१४ च्या नळीच्या तोंडातून पिल्लू डोकावत होतं. मादी चोचीत कोळी घेऊन समोरच्या झावळीवर बसली आणि आत गेलीच नाही. पिल्लू ओरडत राहिलं, ती जागची हलली नाही. शेवटी पिल्लू नळीतून खाली सुटलं, पडता पडता पंख उघडले आणि धाकटीच्या बुंध्याशी गवतात बसलं. साधारण १७ दिवसांनी पिल्लं घरटं सोडतात, त्यात हे बसतं. शटर १/२५०० होतं, तरी पिल्लाचे पंख हललेलेच आलेत. राहू द्यात.

१४ सप्टेंबर

बांधालगतच्या खुणेच्या ओळीत भात निसवलं. काका, मी आणि त्यांचा नातू तिथे उभे राहिलो. शेजारच्या ओळींच्या तुलनेत लोंब्यांत काही कमी दिसली नाही. काकांनी मान डोलावली, पण लगेच दुसरा मुद्दा काढला, आणि तो खरा आहे: "पट्ट्यांचं सोड, आता दाणा दुधात आला की थवे बसतील त्याचं काय?" सुगरणी दुधातला दाणा आवडीने खातात. विहिरीजवळच्या खाचरात त्याचा फटका बसतो, हे मी त्यांच्यापाशी नाकबूल केलं नाही. मी फक्त जुलै-ऑगस्टचे फोटो त्यांना ओळीने दाखवले: अळी, नाकतोडा, अळी, कोळी, नाकतोडा. याच शेतातून उचललेले. पिल्लं वाढतात ती किड्यांवर. काका बराच वेळ पाहत राहिले. मग नातवाला म्हणाले, "पंधरा दिवस डबा वाजवायचं काम तुझं. झाडाला दगड मारायचा नाही." माझ्या लेखी या मोसमातला हा सर्वांत मोठा करार आहे.

१२ ऑक्टोबर

वसाहत शांत. नरांचा पिवळा रंग उतरतोय, डोक्यावर ठिगळं दिसतात. पिल्लं, माद्या आणि नर सगळे मिळून कापणीच्या शेतात उतरतात. मो-३ च्या जुन्या घरट्यात ठिपकेदार मुनियांची जोडी रात्रीला राहते आहे. संध्याकाळी ती नळीतून आत जाते. नकाशातल्या एका घरट्याचा मालक बदलला, एवढंच लिहून ठेवलं.

मोसमाची बेरीज: सुरू झालेली ४६, स्वीकारलेली १९. त्यांतल्या १३ घरट्यांतून पिल्लं बाहेर पडल्याचा पुरावा फोटोत आहे. सगळ्या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवल्या. घरटं बांधणं, चोचीत साहित्य, पिल्लांना भरवणं हे प्रजननाचे संकेत प्रत्येक यादीत दिले. घराजवळच्या, नेहमीच्या पक्ष्यांची अशी नोंद फार कमी होते, म्हणूनच ती करावी असं मला वाटतं.

७ नोव्हेंबर

पक्षी सप्ताह. चितमपल्लींच्या ५ नोव्हेंबरच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या १२ नोव्हेंबरच्या जन्मदिवसापर्यंत. शाळेत फोटो लावले ते एकेका घरट्याचे, ओळीने, कडीपासून शेवटापर्यंत. मो-३ ची ओळ लांब. मो-४ ची चार फोटोंत संपते. मो-६ च्या ओळीत कापलेल्या झावळ्यांचा फोटोही आहे. मुलं सर्वांत जास्त वेळ चोरीच्या फोटोपाशी थांबली. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "चोरलेल्या पट्टीने बांधलेलं मादीने घेतलं का?" नाही घेतलं. पण कारण चोरी नाही, वारा असावा, हे तिला नकाशावर दाखवलं. तिने तो वहीत उतरवून घेतला.

१६ नोव्हेंबर

शिंदीच्या झावळ्या दर वर्षी झाडूसाठी कापल्या जातात. झाडू बांधणाऱ्या मावशी दर उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये येतात, म्हणजे कड्या घालण्याच्या तोंडावर. त्यांचाही पोटाचा प्रश्न आहे, त्यांना नको म्हणता येणार नाही. आज काका, मावशी आणि मी विहिरीवर बसून ठरवलं: कापणी आताच, मोसम संपल्यावर. दोन्ही झाडांच्या पश्चिम आणि दक्षिणेच्या झावळ्या पूर्ण मावशींच्या. पूर्वेच्या कुणीही तोडायच्या नाहीत. मावशींनी विचारलं, "पूर्वेच्याच का?" नकाशा काढून दाखवला. त्यांनी बोट ठेवून रंगवलेली घरटी मोजली आणि पश्चिमेकडे हात करून म्हणाल्या, "बरोबर आहे. इकडून झड येते, आम्हीपण इकडे चूल मांडत नाही."

पूर्वेच्या झावळ्यांना बुडाशी निळा दोरा बांधला. पुढच्या मेच्या आधी करायचं: नकाशाची नवी प्रत, धाकटीच्या दोन्ही बाजूंच्या झावळ्यांची उंची मोजणं, आणि बांधावर वाऱ्याची दिशा रोज टिपायला एक साधी फडकी काठी. पाणी की आडोसा, हे धाकटीवरच पाहायचं आहे.